कोमट पेले

गेझीने ल्यूर्स अडतीस काचेचे पेले विसळत होती आणि पेल्यागणिक तिचा वैताग वाढत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या चहाच्या खोलीत भांडी धुण्याचे यंत्र होते. त्यावर ऑक्टोबरपासून ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी होती आणि तिच्याखाली कुणीतरी ‘ते आम्हालाही दिसते’ अशी दुसरी चिठ्ठी चिकटवली होती. मानसशास्त्र विभागातली माणसे चिठ्ठ्यांतूनच बोलतात, हा तिचा अकरा वर्षांचा अनुभव. संवादाचे शास्त्र शिकवणाऱ्यांना दार वाजवून आत येणे जमत नाही.

खिडकीबाहेर जानेवारीतली दुपार ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखी पसरली होती. काहीतरी लिहिले होते एवढे कळावे, काय ते कळू नये.

“अजून पेलेच धरून बसलीयस?” उवे ब्रांडिस दारात उभा होता. तो स्मरणशक्तीवर संशोधन करी आणि स्वतःचा कप दररोज कुठेतरी विसरून येई.

“तुझा कप मी धुणार नाही.”

“कप राहू दे. उद्याचं ऐक. शब्दांची यादी घे. पलंग, उशी, रात्र, स्वप्न. ‘झोप’ हा शब्द यादीत नसतोच, तरी अर्धा वर्ग छातीवर हात ठेवून सांगतो की होता. दरवर्षी चालतो हा प्रयोग. बोकडांवर केलास तरी चालेल.”

“म्हणूनच घेत नाही.”

“समिती बघायला येणार, आणि तू त्यांना न चालणारा प्रयोग दाखवणार! गेझीने, याला तत्त्व नाही म्हणत. पायावर धोंडा म्हणतात.”

“पाय माझा आहे ना? मग धोंडाही माझाच.”

उवेने मान हलवली, तिच्याच हातातला एक धुतलेला पेला घेतला, त्यात कॉफी ओतली आणि तो निघून गेला. आता पेले सदतीस उरले.

उद्या गुरुवार. उद्या नऊ वाजता निवड समितीसमोर तिचा पाठ होता. अकरा वर्षांत तिने सात करारांवर सह्या केल्या होत्या. सातवा एकतीस मार्चला संपणार होता आणि कायद्याने आठवा देता येत नव्हता. मात्र यंदा विभागाला प्रथमच केवळ शिकवण्यासाठी एक कायमची जागा मिळाली होती. छाननीअंती दोनच नावे उरली : एक तिचे, दुसरे म्युनिकच्या झेवेरीन आशाउअरचे. त्याच्या वर्गात म्हणे विद्यार्थी फोनवरून मते देत आणि पडद्यावर रंगीत वर्तुळे उमलत. त्याला अध्यापनाचे पारितोषिकही मिळाले होते. गेझीनेकडे काय होते? पेले.

विभागप्रमुख प्राध्यापक नीमान यांनी दोन्ही उमेदवारांना एक कागद पाठवला होता : ‘उत्कृष्ट अध्यापनाचे बारा निकष’. त्यातला चौथा असा : ‘तासाच्या प्रारंभी जाहीर केलेले उद्दिष्ट तासाअखेर साध्य झालेले दिसावे.’ तिने पेन्सिलीने शेजारी लिहिले होते, ‘कुणाला?’ आणि मग खोडले होते, कारण अशा प्रश्नांना उत्तर देणारे कुणी त्या इमारतीत उरले नव्हते.

तिचा प्रयोग साधा होता. अर्ध्या वर्गाच्या हाती गरम चहाचा पेला द्यायचा, अर्ध्यांच्या हाती बर्फाच्या पाण्याचा. मग सर्वांनी एका अनोळखी गृहस्थाचे सहा ओळींचे वर्णन वाचायचे आणि तो किती मायाळू वाटतो यास एक ते सात गुण द्यायचे. हाताला ऊब लागली की परकेही प्रेमळ वाटतात, असे एके काळी मोठ्या थाटात छापून आले होते. वर्तमानपत्रांना ते फार आवडले, जुन्या पाठ्यपुस्तकांत ते चौकटीत सजले. पुढे लोकांनी अधिक माणसे घेऊन, अधिक काळजीने ते पुन्हा करून पाहिले, तेव्हा ती ऊब कुठेच सापडेना. गेझीनेच्या वर्गातही अकरा वर्षे ती सापडली नव्हती. दरवर्षी पडद्यावर आलेखाचे दोन बुटके खांब उभे राहत, जुळ्या भावांसारखे सारख्या उंचीचे, आणि वर्गात ती विशिष्ट शांतता पसरे, जिच्यासाठी ती हे सारे करीत असे.

कारण ती मुले कशासाठी येतात हे तिला ठाऊक होते. एकोणिसाव्या वर्षी कुणी आईचे मौन समजून घ्यायला येतो, कुणी स्वतःची भीती. त्यांना उत्तरे हवी असतात, आणि जग त्यांना उत्तरे विकायला टपलेले असते. आपल्याला आवडलेली गोष्ट खरी नाही, हे निमूट पाहता येणे. त्या रिकाम्या जागेपुढे पळून न जाता उभे राहता येणे. एवढे एक शिकले तर पुढचे सगळे त्यांना ग्रंथालयात मिळेल, असे तिला वाटे. सत्रअखेरच्या अभिप्रायपत्रांत मात्र दरवर्षी तेच : ‘फ्राउ ल्यूर्स चांगल्या आहेत, पण त्यांचे प्रयोग चालत नाहीत.’ ‘पाच आठवड्यांनीही उत्तर मिळाले नाही.’ एकाने नुसतेच लिहिले होते, ‘का?’ ते पत्र तिने जपून ठेवले होते.

पेले पुसून होत आले तोच मेर्ले फ्रेरिक्स आली. मेर्ले पहिल्या वर्षाची वर्गप्रतिनिधी, पूर्व फ्रिसलंडची, म्हणजे चहाच्या मुलखातली. स्वतःचा थर्मास घेऊन हिंडणारी ही मुलगी कॅन्टीनमधल्या चहाला ‘मोज्यांचे पाणी’ म्हणे.

“फ्राउ ल्यूर्स, उद्या ती माणसं येणार ना? समितीची?”

“येणार. तुम्ही नेहमीसारखं बसायचं. एवढंच.”

“हो हो, नेहमीसारखंच.” मेर्लेने खांद्यावरची पिशवी उगाच सारखी केली. “आणि... तुम्हाला ती जागा मिळाली नाही तर तुम्ही जाणार?”

“तो तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही.”

“तसं नाही, आम्ही सगळे म्हणत होतो की—”

“तुमच्या कार्डावर किती शिक्के झाले?”

मेर्लेने खिशातून कार्ड काढले. पदवीसाठी प्रत्येकाला तीस तास इतरांच्या प्रयोगांना बसावे लागे. अर्ध्या तासाला एक शिक्का. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोल्यांत ही मुले बटणे दाबत, चेहरे ओळखत, प्रश्नावल्या भरत. “बावन्न. आठ राहिले.”

“छान,” गेझीने म्हणाली, पण तिला ते छान वाटले नाही. इतके शिक्के झालेले मूल आजाऱ्याला भेटायला आलेल्या नातलगासारखे होते. समोरच्याला काय ऐकायचे आहे हे त्याला दारातच कळते.

*

विद्यापीठात नऊ म्हणजे सव्वानऊ. हे कुठे लिहिलेले नसते. ते दुधाबरोबर नसले तरी पहिल्या सत्राच्या बिअरबरोबर अंगात भिनते. म्हणूनच ज्याला नऊ म्हणजे नऊच म्हणायचे असते तो पत्रात ‘ठीक’ असा शब्द घालतो. नीमानच्या कचेरीतून आलेल्या पत्रात ‘ठीक नऊ’ असे स्पष्ट होते. त्यामुळे गेझीनेने पावणेनऊला चहा उकळला, पावणेनऊला बर्फ फोडला, आणि नऊला पाच कमी असताना दोन तबके भरून वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली.

नऊ वाजले. छत्तीस विद्यार्थी आपापल्या जागी बसले होते, संशयास्पद शिस्तीत. समितीचा पत्ता नव्हता.

सव्वानऊला समितीचे पाचही जण आले. नीमान पुढे, हातात बारा निकषांचा कागद. “आम्ही अगदी वेळेवर आलो ना?” ते हसून म्हणाले. आपल्याच कचेरीने घातलेला ‘ठीक’ त्यांनी वाचला नव्हता. मग समितीच्या प्रत्येक सदस्याची ओळख झाली. मग नीमान यांनी अध्यापनाच्या थोरवीवर चार शब्द सांगितले, जे चारशे झाले. ते थांबले तेव्हा नऊ पस्तीस झाले होते, आणि तासाच्या नियोजनाचे गेझीनेने आठवडाभर रचलेले सुबक घर एका बाजूने खचले होते. रागाने तिचे कान तापले. ती भराभर वर्णनाचे कागद वाटू लागली. तबके युसरा आणि वर्गाचा विनोदवीर थोर्बेन या दोघा विद्यार्थ्यांनी फिरवली.

“पेला दोन्ही हातांत धरा. वाचा. गुण लिहा. शेजाऱ्याकडे बघायचं नाही.”

कोणी बघितले नाही. चिठ्ठ्या गोळा झाल्या. थोर्बेनने आकडे संगणकात भरले आणि पडद्यावर दोन खांब उभे राहिले.

गरम पेल्यांचा खांब उंच गेला आणि थांबता थांबेना. पाच पूर्णांक नऊ. दुसरा गुडघ्याएवढा : दोन पूर्णांक आठ.

मागच्या रांगेत बसलेल्या समितीत पसंतीची कुजबुज झाली. नीमान यांनी निकषांच्या कागदावर खूण केली, बहुधा चौथ्यासमोर. समितीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “अगदी स्पष्ट हो, नाही?”

गेझीने पडद्याकडे पाहत राहिली. क्षणभर, अगदी एका श्वासापुरते, तिला फार बरे वाटले. अकरा वर्षे जे आले नाही ते आज आले होते, नेमके आज. हे असेच राहू द्यावे. दोन वाक्ये बोलावीत, आभार मानावेत, आणि एप्रिलमध्ये याच वर्गात, याच फळ्यासमोर पुन्हा उभे राहावे. त्या श्वासात तिने पुढली वीस वर्षे पाहिली; ती उबदार होती.

मग ती वळली आणि तिला चेहरे दिसले. छत्तीस चेहरे, वाढदिवसाचा केक कपाटात लपवलेल्या मुलांसारखे. थोर्बेन तर ओठ दातांत धरून बसला होता.

ती खाली उतरली. पहिल्या रांगेत मेर्लेसमोर थांबली. “तुमचा पेला कोणता होता?”

“गरम.”

“गुण किती दिलेत?”

“सहा.”

गेझीनेने तिच्यापुढचा पेला उचलला. चाळीस मिनिटे कोपऱ्यात उभा असलेला चहा. काच तिच्या स्वतःच्या तळव्याहून थंड होती. तिने शेजारचा पेला उचलला. त्यातला बर्फ केव्हाच विरघळला होता. दोन्ही हातांतले पेले तिने तोलून पाहिले. तिला फरक सांगता आला नसता.

“मेर्ले, हा चहा तुम्ही पिऊ शकाल?”

“नाही,” मेर्ले म्हणाली. हे तिच्या तोंडून इतक्या प्रामाणिकपणे निघाले की मागून कुणीतरी फिस्सकन हसले. मग तिला उमगले आणि ती लाल झाली.

“पूर्व फ्रिसलंडच्या मुलीला गार चहा हातात घेऊन माणूस मायाळू वाटला. शाबास! आणि थोर्बेन, तुम्ही?”

“मी थंड. तीन दिले. म्हणजे... तो माणूस मला खरंच जरा कोरडा वाटला.”

“वर्णन एकच आहे सगळ्यांना. तो कोरडा फक्त तुमच्या बाजूला कसा झाला?”

थोर्बेनने वर्णनाचा कागद उलटा करून ठेवला.

“फ्राउ ल्यूर्स,” मागून नीमान म्हणाले, “वेळेचं भान असू द्या. समारोप राहिलाय.”

“समारोप राहणारच आहे, हेर नीमान. तासातली पस्तीस मिनिटं आधीच गेलीत.” तिचा आवाज चढला, तो तिने खाली आणला नाही. “कुणाची कल्पना होती ही?”

खिडकीजवळची युसरा बोलली. सबंध सत्रात ती तीनदाच बोलली होती. “सगळ्यांचीच. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी सांगितलं की पेल्यांचा प्रयोग कधीच चालत नाही आणि... आणि यंदा तो चालला नाही तर तुम्ही जाल. म्हणून ठरवलं. गरमवाल्यांनी सहा, थंडवाल्यांनी तीन. मधेमधे एखादा पाच, एखादा दोन. खरं वाटावं म्हणून.”

मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची कुरकुरली.

“खरं वाटावं म्हणून!” गेझीनेने दोन्ही पेले बाकावर आपटले, चहा सांडला. “चौदा आठवडे! चौदा आठवडे मी इथे घसा कोरडा करतेय, आणि तुम्ही काय शिकलात? आवडत्या बाईला हवं ते उत्तर द्यायचं. अहो, हे तर तुम्हाला बालवाडीतही येत होतं! त्यासाठी विद्यापीठ कशाला हवं?”

“आम्हाला मदत करायची होती,” मेर्ले हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

“तेच तर! तेच तर म्हणतेय मी!” आणि बोलता बोलता गेझीने थबकली. रागाच्या तळाशी काहीतरी लखलखले होते, पाण्याखाली पडलेल्या चावीसारखे. ती पडद्याकडे वळली. तो उंच खांब निर्लज्जपणे उभा होता. “थांबा. हा निकाल खोटा नाही. काहीतरी मोजलं गेलंय, आणि फार जोरकस मोजलं गेलंय. पेल्याची ऊब नव्हे, कारण ऊब नव्हतीच. मग काय?”

तिने वाट पाहिली. वाट पाहणे हे तिचे एकमेव कौशल्य होते आणि बारा निकषांत ते नव्हते. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागले. नीमान यांनी मनगट पाहिले. तरीही ती थांबली.

“आम्ही,” युसरा म्हणाली. “आम्हाला मोजलंय. तुम्ही राहावं असं आम्हाला किती वाटतं ते.”

“पुढे.”

“मग... तळघरात पण तेच होत असेल? तीस तास? समोरचा नुसता दमलेला दिसला तरी आपण त्याला हवं ते देतो. मी देते.”

“मीपण,” मागून कुणीतरी म्हणाले.

“मग ते सगळे आकडे?” थोर्बेनने विचारले, आणि विचारताना त्याचा चेहरा प्रथमच विनोदी दिसला नाही. “त्यातल्या कशावर विश्वास ठेवायचा?”

“हं,” गेझीने म्हणाली. “आता बोला. नुसते हे छत्तीस आकडे समोर असते, पेल्यांना हात न लावता, तर लबाडी कशी ओळखली असतीत?”

आणि वर्ग सुटला. सुटला म्हणजे दोर तुटल्यासारखा. कुणी म्हणाले, चार हा आकडा एकानेही दिलेला नाही, खरी माणसे चार देतात. कुणी म्हणाले, हा फरक पुरुष आणि स्त्रियांच्या उंचीतल्या फरकाहून मोठा दिसतो; एका पेल्याने एवढे होत असेल तर लोकांनी लग्ने चहावरच केली असती. पेले देणाऱ्यालाही गरम-थंड कळू नये, अशी युक्ती हवी, मग झाकण, मग हातमोजे, हातमोज्यांवर भांडण. दोघी एकमेकींना तोडून बोलत होत्या. फळा भरला. साडेदहाला तास संपायला हवा होता; दहा पन्नासला पुढच्या वर्गाने दार उघडले, तेव्हा जाहीर केलेले एकही उद्दिष्ट साध्य झालेले नव्हते.

तास संपला की विद्यार्थी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. तीच इथली टाळी. आज वाद घालत बाहेर पडण्याच्या नादात ती करायचे सगळे विसरले. समितीच्या कानांना त्या टाळीची उणीव तेवढी ऐकू आली.

*

फेब्रुवारीच्या अखेरीस पत्र आले. ‘आपल्या तासातील चैतन्याची समितीने आदरपूर्वक नोंद घेतली. तथापि नियोजन, वेळेचे भान व उद्दिष्टपूर्ती...’ तिने तथापिच्या पुढे वाचले नाही. जागा म्युनिकच्या वर्तुळांना गेली होती. त्याच पाकिटात सत्राचे अभिप्रायही होते. पहिलाच असा : ‘चहा थंड होता.’

“मी सांगितलं होतं,” उवे म्हणाला.

“सांगितलं होतंस. माझा पेला परत दे.”

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती खोली आवरत असताना मेर्ले दारात उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळे. “फ्राउ ल्यूर्स, अर्धा तास आहे? माझ्या पहिल्या प्रयोगाला माणसं हवीयत. तळघरात. कशाबद्दल आहे ते सांगणार नाही.”

“सांगूच नका.”

तळघरातली ती बिनखिडकीची खोली, ते टेबल, तो पडदा. अकरा वर्षे तिने इथे शेकडो मुले पाठवली होती आणि ती स्वतः कधी या खुर्चीत बसली नव्हती. मेर्लेने कागदावरून सूचना वाचल्या. पडद्यावर एकेक चेहरा येई, आणि गेझीनेने त्याला गुण द्यायचे. तिसऱ्या चेहऱ्याशीच तिच्या लक्षात आले की ती चेहऱ्यांकडे पाहतच नाहीये. ती मेर्लेच्या श्वासाकडे कान लावून बसली होती. हसऱ्यांना जास्त हवेत का? की डावीकडच्यांना? काय दिले तर या दमलेल्या पोरीचे काम फत्ते होईल? बोट आपोआप सहाकडे निघाले होते.

तिने ते मागे घेतले. चेहरा नीट पाहिला. साधाच होता. तिने चार दाबले.

शेवटी कागदावर एक प्रश्न होता : सूचना कितपत स्पष्ट होत्या? गेझीनेने दोन गुण दिले आणि पेन्सिलीने समासात लिहिले : दुसऱ्या वाक्यात एकदम दोन गोष्टी विचारल्या आहेत, तुम्ही वाचताना ‘हसरे’ या शब्दावर थांबता, पुढच्या माणसापुढे सूचना दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा.

मेर्लेने उभ्याउभ्या ते वाचले. तिचा चेहरा पडला. “बावीस माणसं झालीत माझी. म्हणजे ती सगळी वाया?”

“तसं दिसतंय.”

“आज तुमचा इथला शेवटचा दिवस. निदान आज तरी... थोडं...”

“थोडं काय?”

चिडून, ओठ घट्ट मिटून, मेर्लेने कागदांचा गठ्ठा ओढला, पहिल्या पानावरचे दुसरे वाक्य आडवे छाटले आणि त्याच्या जागी नवे लिहायला घेतले. खोडले. पुन्हा लिहिले. गेझीने थांबली. बऱ्याच वेळाने मेर्लेला ती अजून बसली आहे हे आठवले.

“कार्ड आहे का तुमच्याकडे?”

“कसलं कार्ड?”

“नियम आहे. अर्धा तास, एक शिक्का.” तिने खणातून कोरे कार्ड काढले, त्यावर ‘ल्यूर्स’ लिहिले, शिक्का मारला आणि मान वर न करता पुढे सरकवले. “जाताना दार ओढून घ्या. बाहेर पुढची माणसं बसलीयत, त्यांना सांगा, आज नाही. उद्या या. मला हे आधी नीट करायचंय.”